व्हेक्ट्रेक्सवर पहिला गेम लिहिताना

व्हेक्ट्रेक्स म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांनी चित्र काढणारा, स्वतःचा पडदा असलेला जुना गेम कन्सोल. मशीनची घाई नको, सुरुवात एम्युलेटरवरच (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) करा.

१.५ मेगाहर्ट्झचा ६८०९ प्रोसेसर, सेकंदाला ५० फ्रेम (पूर्ण चित्रं). म्हणजे फ्रेममागे ३०,००० सायकल (प्रोसेसरचे ठोके). त्या ओलांडल्या की चित्र लुकलुकतं. नवखे हमखास अडकतात ते इथे: रेघेला लागणारा वेळ लांबीच्या आकड्यावर नाही, स्केलवर (त्या आकड्याला गुणणाऱ्या पटीवर) ठरतो. स्केल १२८ आणि लांबी ४० ऐवजी स्केल ६४ आणि लांबी ८० द्या. रेघ तेवढीच, बीमचा (रेघ काढणाऱ्या इलेक्ट्रॉन झोताचा) वेळ निम्मा. लांबी मात्र -१२८ ते १२७ मध्येच बसवायची.

एम्युलेटरवर चोख जुळलेली आकृती खऱ्या मशीनवर सरकते, कारण इंटिग्रेटर (बीमची जागा ठरवणारी सर्किटं) ड्रिफ्ट होतात, म्हणजे हळूहळू भरकटतात. म्हणून प्रत्येक आकृतीनंतर बीम शून्यावर, म्हणजे पडद्याच्या मध्यावर आणा. सायकल वाचवायला हे गाळू नका. बीम चालू असताना कोड अडकला आणि ठिपका एकाच जागी राहिला, तर फॉस्फर (पडद्याचा चमकणारा थर) जळतो.

रॅम १ केबी, त्यातले तुमच्या वाट्याला जेमतेम पावणेनऊशे बाइट. आकृत्यांचे तक्ते रॉममध्येच ठेवा.

पुढे अमेरिकी मशीन मिळालंच, तर आधी पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाऊन २३० ते ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणा. थेट आपल्या सॉकेटला लावू नका.