तीन देव, एक दिवस?

प्रश्न: डिसेंबरात पुण्याहून येतोय, जुळे सोलापुरात तीन रात्री एक घर भाड्याने घेतलंय. सोबत आई (सत्तरी, गुडघे दुखतात) आणि दोन पोरं. घरमालक म्हणतात अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर एका दिवसात आरामात होतं. खरंच होतं का? आणि देवळं सोडून काही आहे का?

उत्तर: होतं हो, पण आरामात नाही. तिन्ही गावं तीन दिशांना, म्हणजे दर वेळी सोलापूरकडे परत यायचं आणि पुन्हा निघायचं, आईंचा अर्धा दिवस गाडीतच जाणार. एकच निवडा. तुळजापूरला देवळात उतरायलाच पायऱ्या आहेत, त्यामुळे गुडघ्यांसाठी अक्कलकोट बरं, चाळीसेक किलोमीटर, फक्त गुरुवार टाळा.

दुसरा दिवस मात्र माझं ऐका, हत्तरसंग कुडलला घालवा. भीमा आणि सीनेचा संगम, गर्दी जवळपास नाहीच. संगमेश्वराच्या देवळात गेलात की मान वर करून तुळई बघा, तिथे शके ९४०चा, म्हणजे १०१८चा लेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. शेवटी लिहिलंय, ‘वाछि तो विजेया होइवा’, म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. पोरांना वाचायला लावा, परीक्षा जवळच असतील! शेजारच्या हरिहरेश्वरात एकाच पिंडीवर साडेतीनशेहून जास्त मुखं कोरलीत, मोजायला बसवलंत तर तासभर तुम्हाला शांतता. जेवणाचं तिथे काही धरून चालू नका, घरूनच कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा घ्या, भाकरी दह्यात मोडून पाच मिनिटं भिजू द्या, नाहीतर आईंच्या दातांचाही प्रश्न यायचा.

नळदुर्गही जवळ आहे, पन्नासेक किलोमीटर. तिथले नर-मादी धबधबे पावसाळ्यातले, डिसेंबरात बघायला मिळणं अवघडच, पण बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल बघाच, वरून पाणी कोसळत असतानाही आतली खोली कोरडी राहायची म्हणे. चालणं बरंच आहे तेवढं बघा. गोलघुमट हवाच असेल तर विजापूर शंभर किलोमीटर, सकाळी लवकर पोचा, सहलीची पोरं आली की घुमटात नुसता किंचाळ्यांचा गोंधळ, कुजबुज ऐकू येणं विसरा. वरचा जिना आईंना नाही झेपणार, त्यांना खाली बागेत बसवा.

आणि नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसेल असं पोरांना कबूल करू नका, काळवीट दिसतील म्हणा.