संयुग, संयोजन, यौगिक: बडोद्यातल्या एका आजींच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न दांडिया बाजारातल्या एका आजींचा आहे. त्यांची नात गुजराती माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘तत्त्व, संयोजन, मिश्रण’ असे तीन शब्द आहेत. आजींचं शिक्षण मराठीत झालेलं, त्यामुळे त्यांच्या तोंडी ‘मूलद्रव्य, संयुग, मिश्रण’. शेजारचा हिंदी माध्यमातला मुलगा संयुगाला ‘यौगिक’ म्हणतो. त्यातच कुणीतरी आजींना सांगितलं, की संस्कृतात ‘संयुग’ म्हणजे युद्ध, मराठीवाल्यांनी शब्द चुकीचा उचलला. आजी विचारतात: ‘संयुग’ खरंच चूक आहे का, तिन्हींत बरोबर कोणता, आणि नातीचा अभ्यास घेताना काय म्हणायचं?

आजी, आधी युद्धाचं पाहू. सांगणाऱ्यानं खोटं सांगितलेलं नाही. अमरकोशात युद्धाला जे पर्याय दिले आहेत त्यांत ‘संयुग’ आहे. पण शब्दाचं मूळ ‘युज्’ या धातूत, म्हणजे जोडण्यात आहे. ‘सम्’ लागून झालेल्या ‘संयुग’चा मीलन, एकत्र येणं हा अर्थही संस्कृत कोशांत दिलेला असतो. दोन सैन्यं एकमेकांना येऊन भिडतात, म्हणून पुढे त्या भिडण्यालाही संयुग म्हणू लागले. मराठी माणसाला हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. आपण बैल औताला जुंपतो, आणि ‘त्या दोघांची चांगलीच जुंपली’ असंही म्हणतो. एकाच क्रियापदात जोडणंही आहे आणि भांडणही. बैलाच्या मानेवरचं ‘जू’ तर संस्कृत ‘युग’चंच प्राकृतातून आलेलं रूप. तेव्हा दोन पदार्थ एका जुवाखाली आले की होतं ते संयुग, असं नातीला खुशाल सांगावं.

या शब्दाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचं गणगोत. मराठी रसायनशास्त्रात जोडलं जाण्याच्या क्रियेला ‘संयोग’ म्हणतात, त्यातून जे तयार होतं त्याला ‘संयुग’, आणि एखाद्या मूलद्रव्याची इतरांशी जोडलं जाण्याची जी क्षमता असते तिला ‘संयुजा’. हायड्रोजनची संयुजा १, ऑक्सिजनची २, त्यांचा संयोग होतो आणि पाणी हे संयुग बनतं. क्रिया, फळ आणि क्षमता, तिन्हींना वेगळी नावं आहेत, तरी तिन्ही एकाच ‘युज्’ धातूची आहेत हे कानालाच कळतं.

हे वेगळेपण नुसतं शब्दांच्या हौसेसाठी नाही. शाळेत लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड यांचा प्रयोग करतात, तो आठवा. ७ ग्रॅम कीस आणि ४ ग्रॅम गंधक एकत्र कालवलं तरी करडा कण करडाच दिसतो, पिवळा पिवळाच. लोहचुंबक फिरवला की कीस निघून येतो. हे मिश्रण. तेच परीक्षानळीत तापवलं की आतून लाल होत जातं आणि काळपट रंगाचं आयर्न सल्फाइड उरतं. आता चुंबक फिरवून काही हाती लागत नाही. संयोग झाला, संयुग तयार झालं, आणि लोखंड व गंधक यांचे स्वतःचे गुण त्यात राहिले नाहीत. शिवाय आयर्न सल्फाइडमध्ये हे दोन्ही वजनानं नेहमी ७ ला ४ याच प्रमाणात असतात. मिश्रणाला असं बंधन नसतं. सेव उसळीत सेव किती आणि उसळ किती हे रावपुऱ्यातला प्रत्येक दुकानदार आपापलं ठरवतो, आणि प्रत्येकाची ती सेव उसळच असते. पाण्यात मात्र १ ग्रॅम हायड्रोजनला ८ ग्रॅम ऑक्सिजन हेच प्रमाण, मग ते पाणी सुरसागर तलावातलं घेऊन शुद्ध केलेलं असो की नर्मदेतलं.

आता ‘संयोजन’. हा शब्द तिन्ही भाषांत आहे आणि तिन्हीकडे वेगळं काम करतो. गुजराती पुस्तकात संयोजन म्हणजे तयार झालेला पदार्थ, आपलं संयुग. हिंदी पुस्तकात ‘संयोजन अभिक्रिया’ येते, तिथे संयोजन ही क्रिया आहे आणि पदार्थ ‘यौगिक’. मराठीत संयोजन म्हटलं की गणेशोत्सवाची समिती आणि तिचे संयोजक डोळ्यांसमोर येतात. ‘यौगिक’चंही तसंच. मराठी कानाला त्यातून आसनं आणि प्राणायाम ऐकू येतात. मात्र व्याकरण शिकलेल्यांना तो शब्द दुसरीकडूनही ओळखीचा असेल. ज्याचा अर्थ घटकांवरून लागतो तो यौगिक शब्द, जसा ‘पाचक’, आणि घटकांवरून अर्थ लागत असूनही एकाच वस्तूला चिकटलेला तो योगरूढ, जसा ‘पंकज’. घटक जोडून झालेलं ते यौगिक, हा विचार हिंदीवाल्यांनी रसायनात नेला. तोही नेटका आहे.

म्हणून तिन्हींत बरोबर कोणता, या प्रश्नाला माझं उत्तर असं: पारिभाषिक शब्द त्याच्या भाषेत आणखी कोणकोणती कामं करतो, यावर त्याची सोय-गैरसोय ठरते. मराठीत संयोजन आणि यौगिक हे दोन्ही शब्द आधीच दुसरीकडे गुंतलेले होते. संयुग मोकळा होता. गुजरातीत ती अडचण तितकी जाणवली नसावी, म्हणून त्यांना संयोजन चालला. कुणाचंच काही चुकलेलं नाही.

‘तत्त्व’ आणि ‘मूलद्रव्य’ या जोडीत मात्र मी मराठीची बाजू जरा जोरात घेईन. मराठीत तत्त्व म्हणजे सिद्धांत, जीवनाचा नियम. तत्त्वनिष्ठ, तत्त्वज्ञान, तत्त्वतः हे सगळे शब्द त्यातून आले. शिवाय पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पंचतत्त्वंही आहेतच. गुजरातीत शिकणाऱ्या मुलीला घरी कानावर पडतं, की पाणी हे पाच तत्त्वांपैकी एक. शाळेत गेल्यावर ती वाचते, की पाणी तत्त्व नाही, संयोजन आहे. शब्द एकच आणि विधानं उलटी. आपण पहिल्या ठिकाणी महाभूत म्हणू शकतो आणि दुसऱ्या ठिकाणी मूलद्रव्य, त्यामुळे हा झगडा उभाच राहत नाही.

पाण्याला मूलद्रव्य मानण्याची समजूत युरोपातही फार जुनी होती आणि ती मोडली १७८० च्या दशकात. इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिश यांनी हायड्रोजन जाळून पाणी मिळवलं, आणि पाणी हे घटकांचं बनलेलं आहे असं फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी १७८३ मध्ये ठामपणे मांडलं. जे आणखी साध्या पदार्थांत फोडता येत नाही ते मूलद्रव्य, ही कसोटीही लव्हाझिए यांचीच. तिच्या आधारे त्यांनी १७८९ मध्ये ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. तीत प्रकाश आणि उष्णताही होत्या, पण पाणी नव्हतं. आज यादी ११८ वर आहे. ‘मूल’ आणि ‘द्रव्य’ या दोन शब्दांत ती कसोटी सरळ उतरली आहे: ज्याच्या मुळाशी दुसरं द्रव्य नाही असं द्रव्य.

संयुगाला इंग्रजीत ‘कंपाउंड’ म्हणतात, आणि त्या शब्दानं इथे वेगळाच घोळ घातला आहे, तोही सांगून टाकतो. जुन्या दवाखान्यांत कंपाउंडर असायचा आणि तो बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवून मिक्श्चर द्यायचा. रसायनाच्या भाषेत पाहिलं तर तो कंपाउंड बनवत नव्हता, मिश्रणच बनवत होता. इंग्रजीत औषधं एकत्र करण्याच्या कामाला ते क्रियापद आधीपासून होतं, शास्त्रीय अर्थ त्याला नंतर चिकटला. मराठीतून शिकणाऱ्याला ही गाठ सोडवत बसावी लागत नाही.

आजी, तुमच्या नातीला या तीन शब्दांनी फारसा त्रास होणार नाही, कारण ते वेगळे आहेत हे दिसतंच. त्रास होईल तो दिसायला सारख्या असलेल्या शब्दांनी.

पहिला ‘अणू’. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सूक्ष्म कण, आणि असे अणू जोडून होतो तो रेणू. गुजराती आणि हिंदी पुस्तकांत त्या सूक्ष्म कणाला ‘परमाणु’ म्हणतात, आणि ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. पाण्याच्या एका रेणूत तीन अणू असतात, हे आपलं वाक्य. तेच गुजरातीत पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू. तुम्ही ‘अणू’ म्हणालात आणि तिनं तिच्या पुस्तकातला ‘अणु’ ऐकला, तर सगळा धडा एक पायरी सरकतो. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात सर्वांत लहान कण परमाणू आणि दोन परमाणूंचा द्व्यणुक, तेव्हा ‘परमाणू’ला परंपरेचं बळ आहे. ‘रेणू’ हा संस्कृतात धुळीचा कण. उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतो त्या कणाला ‘त्रसरेणू’ म्हणत. मराठीनं लहान कणाला अणू आणि त्याहून मोठ्याला रेणू असं वाटून दिलं.

दुसरा शब्द ‘ऊर्ध्वपातन’, आणि हा जास्त फसवा आहे. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळवणं. गुजराती पुस्तकात त्याला ‘निस्यंदन’ म्हणतात आणि हिंदीत ‘आसवन’. मात्र त्या दोन्ही भाषांत ‘ऊर्ध्वपातन’ हा शब्द आहेच. तिथे त्याचा अर्थ कापरासारख्या स्थायू पदार्थाची थेट वाफ होणं, ज्याला आपण ‘संप्लवन’ म्हणतो. दोन्ही मिश्रणं वेगळी करण्याच्याच पद्धती, एकाच धड्यात येणाऱ्या, त्यामुळे गोंधळ नक्की होणार. मूळ शब्द रसशास्त्रातला, म्हणजे पारा आणि धातूंपासून औषधं करण्याच्या जुन्या शास्त्रातला. पाऱ्याच्या शुद्धीसाठी पातन करत, आणि वाफ वर चढून वरच्या भांड्याला लागली की ते ऊर्ध्वपातन. पारा द्रव आहे हे पाहिलं तर मराठीचा अर्थ बसतो. वर चढून वरच्या भांड्याला चिकटण्याकडे पाहिलं तर गुजराती-हिंदीचा बसतो.

नातीला उदाहरण हवं असेल तर बडोद्याइतकं सोयीचं गाव नाही. कोयलीच्या रिफायनरीत १९६५ पासून कच्च्या तेलाचे घटक उत्कलनबिंदूंच्या, म्हणजे उकळण्याच्या तापमानांच्या, फरकावर वेगळे काढले जातात. कच्चं तेल हे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण, आणि त्यातला प्रत्येक हायड्रोकार्बन हे हायड्रोजन आणि कार्बन यांचं संयुग. मराठीत ते भागशः ऊर्ध्वपातन, तिच्या पुस्तकात विभागीय निस्यंदन. अलेम्बिक हे आपल्याकडच्या जुन्या कारखान्याचं नावही ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचंच आहे, मूळ अरबी ‘अल्-अंबीक’.

काय वापरायचं, तर परीक्षेच्या वहीत पुस्तकातलाच शब्द, त्यात तडजोड नको. घरी समजावताना मात्र मराठी शब्द जरूर वापरा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. बडोद्याला हे नवीन नाही. १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली तेव्हा रसायनाचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह देशी भाषेतून शिकवण्याचा होता. आणि १९३१ मध्ये सयाजीरावांच्या राज्यानं ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला, त्यात राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत समोरासमोर मांडले होते. तसंच एक पान नातीच्या वहीत करून द्या, मराठी आणि गुजराती अशा दोन रकान्यांचं. वर अणू आणि ऊर्ध्वपातन लिहा, बाकीचे खाली आले तरी चालतील.

शुद्धलेखनाबद्दल पत्राच्या शेवटी आपण विचारलं आहे. ‘मूलद्रव्य’मधला ‘मू’ दीर्घच. ‘मूल’चं ‘मुलाचा’ होताना तो ऱ्हस्व होतो, म्हणून काहीजण ‘मुलद्रव्य’ लिहितात, पण हा संस्कृत समास आहे, मूलभूत आणि मूलगामीसारखा. अणू, रेणू, धातू एकटे असले की शेवट दीर्घ, समासात पहिले आले की ऱ्हस्व: अणुअंक, रेणुसूत्र, धातुसदृश. आणि ‘तत्त्व’ला मराठीत दोन त, कारण तो ‘तत्’ला ‘त्व’ लागून झाला आहे. हिंदीत एका त-चं ‘तत्व’ही सर्रास छापलं जातं, तेव्हा शेजारच्या मुलाची चूक काढू नये.