मागच्या खुर्चीवरून

नौपाडा, ठाणे

प्रिय बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परराष्ट्र सेवा मिळाल्याचं तुझ्या आईकडून कळलं, आणि पाठोपाठ तुझा लांबलचक मेसेजही आला. 'काका, मला एक दिवस संयुक्त राष्ट्रांत भारताची राजदूत व्हायचंय. तिथं नेमकं काय काम असतं ते सांगा.' वाचून मला मनापासून आनंद झाला. 'आधी मसुरीला प्रशिक्षणाला तर जा' असं मी म्हणणार नाही. ही इच्छा आजच धरलेली बरी, कारण त्या खुर्चीची तयारी व्हायला निम्मी नोकरी जाते.

मी राजदूत नव्हतो, हे तुला ठाऊक आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ब शाखेतून, म्हणजे कार्यालयीन कर्मचाऱ्यांत, लागलो आणि संयुक्त राष्ट्रांसाठी जिनिव्हात असलेल्या भारताच्या कार्यालयात, म्हणजे मिशनमध्ये, काही वर्षं काढली. सभागृहात देशाच्या नावाच्या पाटीमागे पुढची खुर्ची राजदूताची असते, बाकीचे तिच्या मागे. मी फायली घेऊन मागे बसायचो. तिथून राजदूताचा चेहरा दिसत नाही, हात दिसतात. बोलायची परवानगी हवी असली की पाटी उचलून उभी करतात. चांगला राजदूत ती कधी उभी करतो, आणि हात पाटीपर्यंत नेऊन कधी मागे घेतो, हे बघत बघत मी हे काम समजून घेतलं. तेवढंच तुला सांगतो.

दुसऱ्या देशात नेमलेला राजदूत एका सरकारशी बोलतो. त्याच्या नेमणुकीची अधिकारपत्रं त्या देशाच्या प्रमुखाकडे जातात. न्यूयॉर्कमधला संयुक्त राष्ट्रांतला आपला राजदूत, ज्याला स्थायी प्रतिनिधी म्हणतात, अमेरिकेत राहतो खरा, पण अमेरिकेशी कारभार करायला वॉशिंग्टनला वेगळा राजदूत असतो. याची अधिकारपत्रं महासचिवांकडे जातात आणि याचा संबंध बाकीच्या 192 सदस्य देशांशी असतो. जिनिव्हात तर संयुक्त राष्ट्रांसाठी आणि जागतिक व्यापार संघटनेसाठी आपली वेगवेगळी मिशन आहेत. युनेस्कोसाठी पॅरिसला स्वतंत्र प्रतिनिधी असतो. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं काम आपल्या उच्चायुक्तालयाकडे आहे.

अशा ठिकाणी पोचल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा: इथं निर्णय कसा होतो? सहमतीने, की मतदानाने? साधं बहुमत, की दोन तृतीयांश? तुला भाषणं करायला आवडतात, तुझ्या वक्तृत्वाच्या ढाली मी पाहिल्या आहेत. पण खोलीचा नियम माहीत नसेल तर उत्तम भाषणही वाया जातं.

1996 ची अणुचाचणीबंदी कराराची हकिकत नीट वाच. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत भारताच्या राजदूत होत्या अरुंधती घोष, मुंबईत वाढलेल्या. अण्वस्त्रधारी देश आपली शस्त्रं कधी संपवणार याची कुठलीही मुदत त्या करारात नव्हती. शिवाय ज्या 44 देशांच्या मान्यतेशिवाय करार अमलात येणार नाही, त्या यादीत भारताला न विचारता भारताचं नाव घातलं होतं. त्या परिषदेत निर्णय सहमतीने होतात, म्हणजे एका देशाचा ठाम नकार पुरेसा असतो. तो भारताने दिला आणि मसुदा तिथं अडला. मग ऑस्ट्रेलियाने तोच मसुदा न्यूयॉर्कला, सगळ्या सदस्य देशांच्या आमसभेत नेला. तिथं मतं मोजतात. 10 सप्टेंबरला निकाल लागला: बाजूने 158, विरोधात 3. भारत, भूतान आणि लिबिया. मजकूर तोच, भारताचं म्हणणं तेच. खोली बदलली आणि नियम बदलला, एवढंच झालं. आमसभेत घोष यांनी आत्ताही नाही आणि पुढेही नाही असं स्पष्ट सांगितलं. तो करार आजवर अमलात आलेला नाही.

यातला माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा की हरणार हे दिसत असताना त्यांनी आवाज चढवला नाही आणि कारणं पातळ केली नाहीत. ज्या देशांनी कराराच्या बाजूने मत दिलं त्यांनाही भारताचं म्हणणं काय आहे हे पक्कं माहीत होतं. नकार द्यायचा तर तो असा, की दुसऱ्या दिवशी त्याच माणसांबरोबर दुसऱ्या विषयावर बसता आलं पाहिजे.

मतदान असेल तिथं वेगळी तयारी लागते, आणि ती कुणाला दिसत नाही. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या शेवटच्या जागेसाठी भारताचे दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे ख्रिस्तोफर ग्रीनवुड समोरासमोर आले. भंडारी पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. नियम असा की आमसभा आणि सुरक्षा परिषद, दोन्हीकडे बहुमत लागतं. आमसभेत भंडारी पुढे, सुरक्षा परिषदेत ग्रीनवुड. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, कोणी हलेना. शेवटी ब्रिटनने उमेदवार मागे घेतला आणि भंडारींना आमसभेत 183 मतं, परिषदेत सगळी 15 मिळाली. तेव्हा आपले स्थायी प्रतिनिधी होते सय्यद अकबरुद्दीन. आमसभेतली अशी आघाडी नुसत्या त्या आठवड्यात केलेल्या फोनांवर फेरीगणिक टिकत नाही. एखाद्या लहानशा बेटावरच्या देशाचा राजदूत तीन माणसांच्या मिशनमध्ये बसून शंभर बैठका सांभाळत असतो. त्याच्या ठरावावर आपला कोणी वर्षभर आधी जाऊन शांतपणे बसला होता का, त्याच्या राष्ट्रीय दिनाला आपल्याकडून राजदूत स्वतः गेला होता का की धाकट्या सचिवाला पाठवलं होतं, हे तिथं लक्षात ठेवतात.

तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभा तू पाहिल्यास. सभेत तावातावाने बोलणाऱ्यांच्या हाती शेवटी काय लागलं, आणि आधीच्या महिनाभरात घरोघरी जाऊन चहा घेत प्रत्येकाची अडचण लिहून आणणाऱ्या तुझ्या शेजारच्या आजोबांच्या हाती काय लागलं? आमसभा यापेक्षा फार निराळी नसते. जिनिव्हाच्या पाले दे नासिओंमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या इमारतीत, माझ्या वेळी तळ्याकडे तोंड असलेला एक कॅफे होता, सर्पंट बार म्हणायचे त्याला. सभागृहात अडकलेला परिच्छेद तिथं कॉफीच्या दोन कपांमध्ये सुटताना मी पाहिलाय. एकदा एका आफ्रिकी देशाच्या राजदूत बाई कागदी रुमालावर एक ओळ खरडून आमच्या साहेबांपुढे सरकवत होत्या. साहेबांनी त्यातला एक शब्द खोडला, बाईंनी तो परत लिहिला, मग दोघांनी मिळून दुसराच निवडला. दुपारी तीच ओळ अध्यक्षांनी मोठ्याने वाचली आणि कोणी हरकत घेतली नाही.

आता जे तरुणांना सगळ्यात जड जातं ते. तिथं उच्चारलेला शब्द तुझा नसतो. 1950 च्या जूनमध्ये सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद, जे दर महिन्याला फिरतं, भारताकडे होतं. खुर्चीवर होते सर बेनेगल नरसिंग राव, घटना समितीचे सल्लागार, राज्यघटनेचा पहिला कच्चा मसुदा तयार करणारे. 25 तारखेला उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं. त्याच दिवशी परिषद बसली, लढाई थांबवा असा ठराव आला आणि भारताने बाजूने मत दिलं. 27 तारखेला दुसरा ठराव आला, दक्षिण कोरियाला मदत करा असं सगळ्या सदस्यांना सांगणारा. त्याचा अर्थ युद्ध होता, आणि दिल्लीचा आदेश पोचलेला नव्हता. एवढा मोठा कायदेपंडित, स्वतः सभेचा अध्यक्ष, आणि त्यांनी मतदानात भाग घेतला नाही. इजिप्तनेही घेतला नाही. ठराव मंजूर झाला. दोन दिवसांनी दिल्लीने आपल्याला तो मान्य असल्याचं जाहीर केलं.

त्या खोलीत किती दबाव असेल याचा विचार कर. सगळे तुमच्या हाताकडे बघताहेत, आणि तुमचं स्वतःचं मत तुम्हाला ठाऊक आहे. तरी थांबायचं. मला रावांबद्दल फार आदर वाटतो तो इथं. राजदूताने अंदाजाने देशाचं मत दिलं आणि ते दिल्लीने फिरवलं, तर त्याच्या पुढच्या शब्दाला कोणी किंमत देत नाही.

पण आदेशाची वाट बघत बसणं हेही काम नाही. आदेश येतो तो बहुतेक वेळा तुम्ही काय लिहून पाठवलं त्यावरून. जिनिव्हात संध्याकाळी सातला सुधारित मसुदा हातात पडतो तेव्हा दिल्लीत उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बैठक. अशा वेळी राजदूताची टिपणी एका पानाची हवी: काय बदललं, कोण कुठं उभं आहे, आपलं नुकसान कुठं, मी काय सुचवतो, उत्तर किती वाजेपर्यंत हवं. आमचे एक साहेब ही टिपणी लिहून झाली की मला वाचायला द्यायचे आणि विचारायचे, 'विषय माहीत नसलेल्या माणसाला झोपेतून उठवून दिली तर कळेल का?' मी नाही म्हटलं तर परत लिहायचे. तुझं इंग्रजी चांगलं आहे, पण तुझी वाक्यं लांब असतात. आत्तापासून आखूड कर.

हरण्याबद्दलही थोडं. तू ज्या संस्थेच्या अभ्यासिकेत बसून परीक्षा दिलीस तिला नाव आहे चिंतामणराव देशमुखांचं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ज्या परिषदेत ठरला त्या 1944 च्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेला ते गेले होते, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून. देश पारतंत्र्यात, शिष्टमंडळाचा प्रमुख इंग्रज. भारताच्या स्टर्लिंग शिलकीचा, म्हणजे ब्रिटनकडे अडकलेल्या पौंडांतल्या येण्याचा, प्रश्न आपल्या लोकांनी मांडला, तो तिथं मान्य झाला नाही. पण नाणेनिधीतल्या वाट्यासाठी ते भांडले आणि भारताला 40 कोटी डॉलरचा, सहाव्या क्रमांकाचा वाटा मिळाला. पुढे सोव्हिएत संघ सदस्यच झाला नाही, भारत पहिल्या पाचांत आला आणि संचालक मंडळावर आपला माणूस नेमण्याचा हक्क मिळाला. एक मुद्दा गेला म्हणून बाकीच्या कलमांकडे दुर्लक्ष केलं असतं तर हे झालं नसतं.

आणि घर. तू ऐरोलीत वाढलीस. तुमच्या मागची ठाणे खाडी 2022 पासून महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत आहे, म्हणजे तुझ्या फ्लेमिंगोंच्या पाणथळीबद्दल भारताने जगाला शब्द दिलेला आहे. न्हावा शेवाच्या बंदरातून निर्यातीला निघणाऱ्या प्रत्येक कंटेनरचं वजन जहाजावर चढण्याआधी तपासून कळवावं लागतं, हा नियम लंडनच्या सागरी संघटनेत ठरला आणि 1 जुलै 2016 पासून लागू झाला. परदेशातल्या खोलीत ठरलेलं इथं असं येऊन पोचतं. उलटा रस्ताही तुला पाठ हवा. जागतिक व्यापार संघटनेत भारत हमीभावाने धान्य घेऊन साठवतो यावर वाद आहे, आणि त्या अनुदानाचा हिशोब अजून 1986-88 च्या किमती धरून करतात. विकसनशील देशांना मर्यादा उत्पादनाच्या मूल्याच्या 10 टक्के. 2014 च्या जुलैत भारत याच मुद्द्यावर अडून बसला. तिथंही निर्णय सहमतीने होतात, त्यामुळे व्यापार सुलभतेचा सगळा करार थांबला. नोव्हेंबरमध्ये तोडगा निघाला की कायमचा मार्ग सापडेपर्यंत अशा साठ्यांविरुद्ध तक्रार करायची नाही. समोरचा राजदूत तुला विचारेल, तुमच्या शेतकऱ्याला प्रत्यक्षात काय मिळतं? तेव्हा फायलीतला आकडा वाचून दाखवणारी आणि बाजारात उभी राहून आलेली, यांतला फरक त्याला एका मिनिटात कळतो.

भाषा निवडायची वेळ येईल. माझं ऐकशील तर फ्रेंच पहिली मांड. आमसभेतले 54 देश आफ्रिकेतले आहेत, त्यांतल्या कितीतरी राजदूतांशी फ्रेंचमध्ये मोकळं बोलता येतं. मिळाली नाही तरी फावल्या वेळात शीक. प्रशिक्षणात संयुक्त राष्ट्रांची सनद सगळेच वाचतात, तू आमसभेची कार्यपद्धतीची नियमावलीही वाच. कंटाळवाणी आहे, तरी वाच. हरकतीचा मुद्दा कधी घ्यायचा, परिच्छेदावर वेगळं मतदान कसं मागायचं, हे ज्याला पाठ असतं त्याच्याकडे ऐनवेळी सगळे वळून बघतात.

मसुरीला जाण्याआधी एक सकाळ मोकळी ठेव. वाशीच्या धान्य मार्केटात माझ्या ओळखीचे एक व्यापारी आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. हमीभाव, साठा, निर्यातबंदी यांवरचे तुझे प्रश्न लिहून आण, गहू-तांदळाचा भाव विचारूनच बोलायला सुरुवात कर. मी ठाण्याहून वाशी लोकल पकडतो, तू ऐरोलीला चढ. कुठला दिवस ते कळव.

तुझा,
काका