तांदळातले ते बारके चपटे किडे पोरकिडे नव्हेत

भावा, तू पाठवलेला तुझ्या तांदळातल्या किड्यांचा फोटो झूम करून बघितला. तू म्हणतोयस पोरकिडे झालेत आणि डब्यात धान्यात ठेवायची विषारी गोळी (ॲल्युमिनियम फॉस्फाइड) टाकू का, तर आधी गोळी राहू दे बाजूला. पोरकिड्याला पुढं सोंड असते आणि तो दाण्याला भोक पाडतो, तुझ्या तांदळाला भोकंच नाहीत. हा दीड-दोन मिलीमीटरचा, तांबूस, कागदासारखा चपटा आणि मिशा अंगाच्या मानानं लईच लांब, म्हणजे क्रिप्टोलेस्टिस, साठवणीच्या धान्यातल्या चपट्या किड्यांचा एक गट. त्यातला पुसिलस असावा, उष्ण दमट हवेत तोच जास्त असतोय, पण पुसिलस का त्याच गटातला फेरुजिनियस हे फोटोवरनं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याचं ऐकू नको, ते मायक्रोस्कोपखालचं काम आहे.

याच्या खानदानातले बरेच किडे झाडाच्या सालीखाली राहतात, म्हणून तर अंग असलं चपटं. त्यामुळं परड्यातल्या जळणातनं आले का ही तुझी शंका अगदीच येडी नाही, पण तुझे आलेत ते तांदळातनंच. अख्खा घट्ट दाणा याला सहसा फुटत नाही, कणी, चिरलेला दाणा, पोरकिड्यानं आधी खाऊन ठेवलेलं असलं काहीतरी लागतं, मग अळी आत शिरून कोंबाचा भाग खाते. हवा गरम आणि दमट असली की अंड्यापासून किडा पाचेक आठवड्यात तयार, आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्टात भिंतीला ओल येते तिथं डब्याचं काय सांगायचं!

गोळीचा विषारी गॅस घरात, झोपायच्या खोलीत, अजिबात नको, माणसं मेलीत त्यानं. आणि काही ठिकाणचे फेरुजिनियस तर त्या गॅसला दाद देत नाहीत.

तांदूळ चाळणीनं चाळ, कणी वेगळी काढून कोंबड्यांना घाल. थोडा असेल तर पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये (खालच्या फ्रीजमध्ये नव्हे), जास्त असेल तर ऊन पडेपर्यंत थांब आणि पातळ पसर, पण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नको, नाहीतर झाकणाला घाम येतो. कडुलिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला, ओला पाला घालून मी एकदा दहा किलो आजरा घनसाळ तांदूळ बुरशीला दिलाय, घरात अजून ऐकून घेतोय.

डब्याच्या कडेची खाच ब्रशनं खरवड, असल्या फटीत साचलेल्या भुकटीतपण किडे-अंडी राहतात. आणि जुन्यावर नवा तांदूळ ओतायची सवय असेल तर ती आजच सोड.