कुणीच न वाजवलेली चाल

राजारामपुरी, कोल्हापूर

चिरंजीव मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून चार दिवस झाले. चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराच्या सहाव्या सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या चार भागांच्या रचनेचा, शेवटचा भाग पुन्हा दोनदा नीट ऐकल्याशिवाय उत्तर लिहायचे नाही असे ठरवले होते, म्हणून उशीर झाला. तू लिहितेस की रात्री हेडफोन लावून तो भाग ऐकताना तुला रडू आवरले नाही, आणि सकाळी त्या रडण्याची लाज वाटली. ज्या संगीताचे शास्त्र आपण शिकलो नाही, ज्यातली निम्मी वाद्ये आपल्याला नावानेही ओळखता येत नाहीत, त्याने आपल्याला इतके हलवावे हे तुला खोटे वाटले. त्यातच तुझ्या ओळखीच्या एका जाणकारांनी सांगितले की यात संगीत काही नसते, शंभर वाद्ये एकदम वाजली की कुणाच्याही छातीत धडधडते. तेव्हापासून तू ते ऐकणेच बंद केले आहेस. मला सगळ्यात वाईट वाटले ते या शेवटच्या वाक्याचे.

मोठ्या आवाजाचा अंगावर परिणाम होतो हे खरे आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. खासबागेत कुस्ती रंगात येते, हलगी आणि घुमक्याची लय चढत जाते, तेव्हा डाव न कळणारा माणूसही जागेवरून उठतो. पण तू जिथे रडलीस ते ठिकाण आठवून पाहा. त्या सिंफनीतला सर्वांत दणदणीत भाग तिसरा. तो इतक्या विजयी थाटात संपतो की कार्यक्रम संपलाच असे समजून आजही सभागृहांत टाळ्या पडतात. तिथे तुला रडू आले नाही. ते आले चौथ्या भागात, जो मंद आहे, आणि ज्याच्या अखेरीस काशाच्या मोठ्या थाळीवर हलकेच एकच टोला पडतो आणि मग चेलो आणि डबल बेस ही व्हायोलिनच्या जातीची मोठी, खालच्या सुरांची वाद्ये खर्जात उतरत उतरत ऐकू येईनासे होतात. तेव्हा आवाजाच्या आकारमानाने तुला रडवले ही गोष्ट मनातून काढून टाक.

आता त्याच चौथ्या भागाच्या सुरुवातीबद्दल एक गोष्ट सांगतो, जी मला स्वतःला वयाच्या चाळिशीनंतर कळली आणि जिच्यामुळे माझे ऐकणे बदलले. तुला जी उतरत जाणारी, उसासा टाकल्यासारखी चाल ऐकू आली, ती वाद्यवृंदात कुणीच वाजवत नाही. व्हायोलिनवादकांचे दोन गट असतात. त्या चालीचा एक सूर पहिला गट वाजवतो, दुसरा सूर दुसरा गट, तिसरा पुन्हा पहिला, असे सूर वाटून दिलेले आहेत. कोणत्याही एका गटाचा सूर लिहिलेला कागद समोर ठेवून वाजवलास तर हाती येतात ते वर-खाली उड्या मारणारे, एकमेकांशी नाते न सांगणारे सूर. त्या काळी हे दोन गट कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या, डाव्या आणि उजव्या हाताला समोरासमोर बसत असत, म्हणजे ते सूर सभागृहाच्या दोन बाजूंनी येत आणि त्यांची चाल जुळायची ती थेट श्रोत्याच्या कानात. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी पीटर्सबर्गमध्ये स्वतः चायकोव्हस्कीने ही सिंफनी पहिल्यांदा सादर केली, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी तो वारला. हा मृत्यू ठाऊक असणारे लोक त्या शेवटच्या भागात निरोप ऐकतात. तुला तारीख ठाऊक नव्हती, मृत्यूही ठाऊक नव्हता, तरी तू ते विखुरलेले सूर एकत्र केलेस आणि त्यातून जे उभे राहिले त्याने तू रडलीस. मग ते रडणे उसने कसे म्हणायचे? ती चाल निम्मी तूच तयार केली होतीस.

मला तुला या पत्रातून सांगायचे आहे ते एवढेच, आणि ते मी हातातल्या वाद्यामुळे शिकलो. तरुणपणी दोन-तीन वर्षे मी मुंबईत ध्वनिमुद्रणाच्या वाद्यवृंदात मागच्या ओळीत व्हायोलिन वाजवत असे. एकदा मला आणि शेजारच्या तिघांना सोळा मात्रांची कितीतरी आवर्तने एकच सूर धरून ठेवायचा होता, तोही इतका हळू की गज तारेवर टेकला आहे की नाही याची शंका यावी. मी आपला रागसंगीतातून गेलेला, मला वाटले की हे काय वाजवणे झाले. संध्याकाळी मुद्रण ऐकवले गेले तेव्हा माझा सूर मला कुठेच सापडला नाही. पण त्याच्या वरून जी बासरी चालली होती तिच्याखाली जमीन होती, आणि ती जमीन आम्ही चौघे होतो. बासरीवाल्याला ते दुःख एकट्याने व्यक्त करायचे नव्हते आणि आम्हाला तर काहीच व्यक्त करायचे नव्हते. तरी खोलीतल्या माणसांचे डोळे भरून आले. वाद्यवृंदातला भाव कुणा एका वादकाच्या ताब्यात नसतो, तो त्यांच्या मधल्या जागेत असतो आणि पुरा होतो ऐकणाऱ्यात. (आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की गणेशोत्सवातल्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी वाद्यवृंद हा शब्द वापरतो. त्या कार्यक्रमांशी माझे वैर नाही, मी स्वतः त्यांत वाजवले आहे.)

तू ख्याल शिकलेली आहेस, त्यामुळे एक अडचण तुला इतरांपेक्षा जास्त येईल, आणि एक सुखही जास्त मिळेल. आपला षड्ज, म्हणजे सा, तंबोऱ्यात बांधलेला असतो. गायक कितीही दूर गेला तरी घर जागेवर आहे हे श्रोत्याला क्षणोक्षणी ऐकू येत असते, आणि म्हणूनच देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेत मैफल ऐकताना अवघड तानेतून गायक नेमका समेवर आला की सगळ्यांच्या माना एकदम हलतात. गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने या गावात राहिले, आणि त्यांच्या अनवट व जोडरागांनी इथल्या कानांना हे वाट पाहणे फार सूक्ष्मपणे शिकवले. सिंफनीत तंबोरा नाही. तिथे षड्जच जागा सोडतो. एका स्वराला घर मानून तू बसलीस की दोन मिनिटांत दुसराच स्वर घर होऊन बसतो, मग तिसरा, आणि मूळ घर कुठे होते हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी तुझ्यावर येते. सुरुवातीला याने आपल्या कानाला अस्वस्थ वाटते, पुष्कळ जण तिथेच कंटाळून उठतात. पण ज्याच्या स्मरणात ते पहिले घर राहिले आहे, त्याला दहा-बारा मिनिटांनी तो स्वर परत आल्यावर जे वाटते, ते गावाबाहेर वर्षे काढून आल्यावर पंचगंगेच्या पुलावरून पहिल्यांदा गाव दिसते तेव्हाच्या वाटण्यासारखे असते. तुझा कान वाट पाहायला आधीच शिकलेला आहे. त्याला आता जास्त लांबची वाट पाहायची सवय लावायची आहे.

वाट पाहण्यात सुख असते याला प्रयोगशाळेचाही आधार मिळाला आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की ज्या संगीताने आपल्या अंगावर काटा येतो ते ऐकताना मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेले रसायन स्रवते, आणि ते काटा येण्याच्या क्षणीच स्रवते असे नाही, तो क्षण येणार याची चाहूल लागली की मेंदूच्या वेगळ्या भागात ते आधीच सुरू झालेले असते. त्या प्रयोगातल्या माणसांनी संगीत स्वतःच्या आवडीचे, चांगल्या ओळखीचे आणले होते हे लक्षात घे. चाहूल लागायची तर पुढे काय येणार हे ठाऊक असावे लागते.

म्हणून माझा पहिला सल्ला हा की नव्या नव्या रचना गोळा करत फिरू नकोस. एकच घे. बेथोवेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग घे, आठ-नऊ मिनिटांचा आहे, आणि महिनाभर दुसरे काही ऐकू नकोस. ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नामध्ये, हानाऊच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ही सिंफनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा श्रोत्यांनी हाच भाग पुन्हा वाजवायला लावला होता. त्यात काय आहे ते थोडे सांगून ठेवतो, बाकीचे तुझे तू शोध.

आरंभी फुंकवाद्यांचा एक स्वरसमूह जोरात उमटतो आणि विरत जातो. तो नुसता उदास नाही, अस्थिर आहे, कारण त्याच्या तळाशी षड्जाऐवजी पंचम ठेवलेला आहे. पाट मांडला आहे पण एक पाय टेकलेला नाही, अशी त्याची अवस्था आहे. मग व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठे वाद्य), चेलो आणि डबल बेस अगदी हळू चालू लागतात. एक लांब, दोन आखूड, दोन लांब, अशी पावले. चाल सुरुवातीला एका सुराभोवतीच घुटमळते, हलते ती लयच. शुक्रवारी अंबाबाईच्या पालखीमागून आवारात चालताना माणसांची पावले आपोआप एकसारखी पडू लागतात, तसे काहीसे तुला अंगात जाणवेल. यानंतर जे घडते त्यासाठी मी तुला हा भाग ऐकायला सांगतो आहे. ती पावले दुसऱ्या व्हायोलिन गटाकडे जातात, आणि आतापर्यंत नुसते चालत असलेले व्हायोला आणि चेलो त्याच क्षणी एक लांबलचक, वळणावळणाचे गाणे गाऊ लागतात. पहिल्यांदा तुला हे गाणे कळणारही नाही, कारण लक्ष पावलांकडे असेल. ज्या दिवशी दोन्ही एकदम ऐकू येतील, चालणे आणि गाणे, त्या दिवशी तुला मी वर लिहिले त्या मधल्या जागेचा अर्थ कळेल. पुढे पावले पहिल्या व्हायोलिन गटाकडे चढतात, शेवटी सारा वाद्यवृंद टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांसह ती टाकतो, मध्येच क्लॅरिनेट आणि बासून ही फुंकवाद्ये ऊन पडल्यासारखी एक वेगळी, प्रसन्न चाल आणतात, आणि त्या उन्हातही खालच्या तारांवर पावलांची लय थांबलेली नसते. अखेरीस तोच अस्थिर स्वरसमूह परत येतो. पाटाचा पाय तेव्हाही टेकत नाही.

एका वेळी एकाच वाद्याचा हात धर. आज फक्त चेलो, उद्या फक्त दुसरे व्हायोलिन. हेडफोन असू दे, पण काम करताना, जेवताना, एस.टी.त बसून ऐकू नकोस. पडून, दिवा मालवून, मध्ये न थांबता ऐक. आणि रडू येण्यासाठी ऐकू नकोस. एखाद्या दिवशी काहीच वाटणार नाही, तर त्या दिवशी निदान चेलो कुठे आहेत ते कळेल.

तू असेही विचारलेस की ज्या जगात इतके दुःख आहे तिथे चार सुरांनी विव्हळ होण्याचा आपल्याला अधिकार काय. याला मी युक्तिवादाने उत्तर देऊ शकत नाही. ९ ऑगस्ट १९४२ रोजी रशियातल्या लेनिनग्राडमध्ये काय झाले ते मात्र सांगू शकतो. शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडून जवळजवळ एक वर्ष होत आले होते, माणसे उपासमारीने लाखांनी मेली होती. शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराची सातवी सिंफनी तिथे वाजवायची ठरली. तिला सुमारे शंभर वादक लागतात आणि ती तासाभराहून जास्त चालते. नभोवाणीच्या वाद्यवृंदातले फारच थोडे लोक हयात होते आणि उभे राहू शकत होते. कार्ल एलियासबर्ग या कंडक्टरने घेतलेली पहिली तालीम जेमतेम पाव तास चालली, कारण फुंकवाद्ये वाजवणाऱ्यांच्या छातीत दम उरला नव्हता. मग सैन्यातून वादक मागवले, वादकांना थोडे जास्त अन्न दिले, आणि कार्यक्रम झाला. ध्वनिक्षेपकांवरून तो शहराला ऐकवला गेला. सभागृहातली माणसे रडत होती. भुकेलेल्या माणसांनी उरलेली ताकद याच गोष्टीसाठी खर्च केली, एवढे मला पुरते.

शेवटची गोष्ट. हे संगीत एकदा तरी सभागृहात, वादकांसमोर बसून ऐकायला हवे. २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलासंस्थेच्या जमशेद भाभा सभागृहात वाजवतो. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी तुला मुंबईत सोडते. पुढच्या रांगेचा हट्ट धरू नकोस, वरच्या मजल्यावर बस. तिथून सगळे गज एकदम वर जाताना दिसतात आणि दूरच्या डबल बेसचा सूर खुर्चीतून पाठीला लागतो. हेडफोनमध्ये हे मिळत नाही. टाळ्यांपूर्वी, शेवटचा सूर विरल्यानंतरही कंडक्टरचा हात काही क्षण वरच राहतो आणि हजार माणसे श्वास धरून बसतात. ती शांतताही ऐक.

तोवर रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे ये. जुना ध्वनिसंच दुरुस्त होऊन आला आहे. येताना व्हायोलिन आण. चायकोव्हस्कीच्या त्या चालीचे दोन्ही कागद मी उतरवून ठेवले आहेत. एक सूर तू वाजव, एक मी वाजवतो. तुझी आई स्वयंपाकातून मोकळी असेल तर तिलाही घेऊन ये, कारण ती चाल आपल्या दोघांपैकी कुणालाच नीट ऐकू येणार नाही, समोर बसलेल्या तिसऱ्या माणसाला येईल.

तुझा,
काका