आदेशावरचा तो शब्द

“मॅडम, बाबा गेले म्हणून मला नोकरी लागली. पगाराचा मेसेज आला की पोटात गोळा येतो.”

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या, वडिलांच्या मागे नोकरीला लागलेल्या मुलामुलींकडून हे मी अनेकदा ऐकलंय. ही त्यांतलीच एक, सत्तावीस वर्षांची, सरकारी कार्यालयात लिपिक. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पर्समधून तिनं नियुक्तीचा आदेश काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेला. ‘अनुकंपा तत्त्वावर’ या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ. ऑफिसात तिच्या पाठीमागे काही जण तिला ‘अनुकंपावाली’ म्हणत. “अनुकंपा म्हणजे कीवच ना हो?”

मी कोरा कागद पुढे केला. एकीकडे ‘कीव’ लिहिलं, दुसरीकडे ‘अनुकंपा’. ज्याच्या-त्याच्या खाली आठवेल तो माणूस लिही, म्हटलं. कीवेखाली लगेच उतरले साहेब: पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर “बिचारी आहे, सांभाळून घ्या” म्हणालेले. दुसरी बाजू रिकामीच. मग मी विचारलं, बाबा गेल्यावर ऑफिसातून घरी कोण आलं होतं?

“शिपाईकाका. बाबांच्या ड्रॉवरमधला चष्मा घेऊन. बोलायला गेले, पण शब्दच फुटेना. हात इतके कापत होते की डबीत चष्मा खुळखुळत होता.”

‘अनुकंपा’ या शब्दात तो कंपच आहे. अनु म्हणजे मागोमाग, कंप म्हणजे थरथर. दुसऱ्याचं काळीज हललं की त्यासोबत आपलंही हलणं. कीव करणारा मात्र स्वतः जागचा हलत नाही. म्हणून तर आपण “माझी कीव करू नका” असं ठणकावून सांगतो. तिनं काकांचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

सरकारी आदेशाला हात कापणं माहीत नसतं, हे खरं. पण त्यामागचा हेतू तिला कळायला हवा होता. घरातलं कमावतं माणूस अचानक गेलं की कुटुंबाला त्या संकटातून तरून जाता यावं, यासाठी ही नियुक्ती असते. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ सालच्या एका निकालात हेच सांगितलंय. तिच्या पगारावर आईची औषधं आणि भावाचं कॉलेज चाललं होतं. बाबांच्या जिवाचा मोबदला म्हणून तो पगार कुणी ठरवला नव्हता.

तरी माझ्या मते सगळं दुखणं शब्दाचं नव्हतं. तेव्हा वर्षाच्या आत अर्ज करायचा होता, म्हणून तेराव्यानंतर लगेच ती मृत्यूच्या दाखल्यामागे लागली. मग वारसांचे कागद, आई आणि भावाचं ना-हरकत, झेरॉक्स, शिक्के. पुढे तीन वर्षं प्रतीक्षासूचीत आपला क्रमांक कितवा, ते पाहत राहायचं. “रडलीस कधी?” या माझ्या प्रश्नावर ती गप्प झाली, आणि तो पूर्ण तास रडण्यातच गेला. मी मध्ये काही बोलले नाही. असं अडून राहिलेलं दुःख अपराधाचं रूप घेऊन वर येतं, हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय.

पगाराच्या दिवशी तिला अजूनही भरून येतं. तसं होणारच, मी तिला सांगितलंय. अनुकंपावाली म्हणणाऱ्या एकाला तिनं शांतपणे सांगितलं, “मला नावानं हाक मारा.” चौथ्या भेटीला आली तेव्हा म्हणाली, दुपारचा डबा आता ती काकांसोबत खाते. बाबांना कारल्याची भाजी आवडायची, हे तिला त्यांच्याकडूनच कळलं. घरी ते कधी खात नसत.