दोन दिवसांच्या निसर्गसहलीसाठी शहरापासून किती लांब जावं?

तीन, फार तर साडेतीन तासांत पोहोचता येईल असं एकच ठिकाण निवडा, शुक्रवारी संध्याकाळीच निघा आणि दोन्ही रात्री तिथेच राहा. कारण असं की पक्षी सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त दिसतात आणि ऐकू येतात. बरेचसे सस्तन प्राणीही पहाटे आणि तिन्हीसांजेलाच बाहेर पडतात. शुक्रवारी निघालात तर अशा दोन सकाळी मिळतात, शनिवारी उजाडल्यावर निघालात तर एकच. म्हणून यादीतली ठिकाणं बिनधास्त कमी करा, पण सकाळ गमावू नका. दुपार विश्रांतीला ठेवा. तारे पाहायचे असतील तर अमावास्येच्या आसपासचा शनिवार-रविवार धरा. चंद्रप्रकाशात आकाशगंगा जवळजवळ दिसेनाशी होते. नकाशा घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या, टाकीही शहरातच भरा.

मात्र शेवटचा टप्पा जंगलातून किंवा घाटातून जात असेल, तर तो अंधारात करू नका. रात्री प्राणी रस्त्यावर येतात, आणि काही अभयारण्यांतले रस्ते रात्री वाहतुकीला बंदच असतात. अशा वेळी जंगलाच्या अलीकडच्या गावात मुक्काम करून उजाडताच पुढे जा.